भाड्याच्या मोटारीचे सुटे भाग

घाटंजीहून यवतमाळ किंवा पांढरकवड्याकडे निघणाऱ्या काळी-पिवळींत बसतांना प्रवासी भाडें विचारतो, जागा धरतो आणि गाडी केव्हां सुटेल याची चौकशी करतो. चाकांतील ब्रेकचा लायनर कोणत्या प्रतीचा आहे, हें विचारण्याची चाल नाहीं. आणि विचारलें तरी उत्तर मिळण्याची आशा थोडीच!

घरची मोटार दिवसांतून दोनदां बाहेर पडते. भाड्याची मोटार पहाटेपासून रात्रीपर्यंत, भरल्या वजनानें, थांबत-निघत धांवते. तिचे भाग लवकर झिजतात, वारंवार विकत घ्यावे लागतात; आणि जेथें खप अधिक, तेथें नकली मालाची गर्दीही अधिक.

नकली लायनर हातांत घेतला तर अस्सलासारखाच दिसतो. ब्रेक दाबला म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता होते, व ती प्रथम लायनर आणि ड्रम यांना सोसावी लागते. अस्सल लायनरांतील तंतु, धातूचा कीस आणि त्यांना बांधून ठेवणारी राळ यांचें प्रमाण पारखून ठरविलेलें असतें. हलक्या मालांतील राळ तापतांच विघटूं लागते, तिचा वायु पृष्ठभागावर येतो आणि पकड सुटते. सकाळीं ग्यारेजच्या दारांत तोच ब्रेक चोख लागतो. लांब उतारावर पांच-सहा वेळां दाबल्यावर मात्र पाय कितीही रोवला तरी गाडी आवरत नाहीं. मिस्त्रीची परीक्षा थंड गाडीवर होते आणि मालाची खोट तापलेल्या गाडींत उघडी पडते, ही यांतील खरी मेख आहे.

ब्रेकच्या तेलाचेंही असेंच. ‘डॉट ३’ प्रतीचें नवें तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या तेलास तोच दंडक १४० अंशांचा. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ दबते, आणि पाय तळाला जातो. अर्धा उघडा पडलेला डबा स्वस्तांत मिळाला तरी तो महागच!

जुना भाग आणि नकली भाग यांची मात्र गल्लत होऊं नये. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी गाडी कुर्ल्यास तयार होई. सन २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, तरी मुंबईंत टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धांवली. नवे भाग दुर्मिळ झाल्यावर मोडींत निघालेल्या गाड्यांचेच भाग कामीं येत. लोखंडी ड्रम मोजतां येतो. झीज मर्यादेंत असली तर तो खुशाल बसवावा. रबरी वॉशरचें तसें नाहीं. तो नुसता पडून राहूनही कडक होतो.

पुष्कळदां गाडी एकाची, चालविणारा दुसरा आणि बसणारे तिसरेच. स्वस्त भागाचा नफा मालकाच्या पदरांत, धोका उरलेल्यांच्या. जो मालक नगाची किंमत न पाहतां तो भाग किती महिने टिकला याचा हिशेब ठेवतो, त्याला अस्सल माल महाग वाटत नाहीं. पण असा हिशेब ठेवणारे थोडे.

खरेदी करतांना भागाचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, आणि अस्सल भागाचें रिकामें खोकें फाडून टाकावें. नकली माल भरण्यासाठीं त्या खोक्याला गिऱ्हाईक असतें.