मामांची कूपे

जर्मनीत मामांनी १९८१ ची मर्सिडीझ २८० सीई घेतली, तेव्हा मामी म्हणाली, "हा पांढरा हत्ती पोसणार कोण?" सुट्टीत मी मदतीला गेलो.

या कूपेच्या पुढच्या-मागच्या काचांमध्ये खांबच नसतो. चारी काचा उतरवल्या की सगळी बाजू मोकळी! परंतु मग पाणी अडवायचे ते केवळ रबराने. वयोमानाने रबर ताठरते, पाणी गालिच्याखाली मुरते आणि पत्रा आतून गंजतो. वरचा रंग मात्र नवरदेवासारखा चकचकीत! तेव्हा आधी गालिचा उचलावा, रंगाचे नंतर पाहावे.

आम्ही नेमके उलटे केले. रंग दिला, मग गंज दिसला. नवा पत्रा जोडताना वेल्डिंगने तोच रंग करपला. रबरे बदलली, पुन्हा रंगवली. मामीला खरा आकडा अजून सांगितलेला नाही.