डिझाइनची सुरुवात कॉम्प्युटरवर की कागदावर? लंडनच्या एका नकाशाची गोष्ट

मेट्रोच्या डब्यात दारावर लावलेला मार्गाचा नकाशा आठवा. सरळ रेषा, सारख्या अंतरावरची स्टेशनं. प्रत्यक्षातला मार्ग इतका सरळ नसतो, तरी प्रवासी गोंधळत नाही. अशा नकाशांची पद्धत जगभर रुजली ती लंडनच्या भुयारी रेल्वेमुळे, आणि तिची सुरुवात झाली वहीच्या पानावरच्या एका रेखाटनातून.

हॅरी बेक हा रेल्वेच्या सिग्नल विभागात काम केलेला ड्राफ्ट्समन. तेव्हाच्या नकाशात शहराच्या मध्यभागी स्टेशनांची नुसती दाटी व्हायची. १९३१ मध्ये बेकने पेन्सिल आणि रंगीत शाईने वेगळाच नकाशा काढला. रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरक्या. खरी अंतरं त्याने सोडून दिली. जमिनीखालच्या प्रवाशाला हवं असतं एवढंच, की गाडी कुठे बदलायची आणि कुठे उतरायचं!

अधिकाऱ्यांनी आधी हा नकाशा नाकारला. पण जानेवारी १९३३ मध्ये तो छापून लोकांच्या हाती आला आणि लगेच लोकप्रिय झाला. बेकचं ते मूळ रेखाटन आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

पण हातात लॅपटॉप असताना कागद कशाला?

पहिलं कारण म्हणजे वेग. एका कागदाचे आठ चौकोन करा आणि प्रत्येकात एकाच पानाची वेगळी मांडणी काढा. दहा मिनिटांत आठ पर्याय समोर येतात, आणि त्यातले सात फेकून देताना वाईट वाटत नाही. कॉम्प्युटरवर मात्र पहिल्याच कल्पनेचे रंग आणि फॉन्ट निवडण्यात दुपार जाते. मग ती कल्पना चुकीची असली तरी सोडवत नाही.

दुसरं कारण, लोक मोकळेपणाने बोलतात. चकचकीत डिझाइन दाखवलं की ग्राहक रंगावर बोलतो. कच्चं चित्र दाखवलं की तो मूळ कल्पनेवर बोलतो.

मीटिंगमध्ये टिपणं घेतानाही हेच करता येतं. समजा, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट ॲपवर चर्चा सुरू आहे. बोलणं जसंच्या तसं लिहून घेण्याऐवजी ‘नोंदणी’, ‘वेळ निवडा’, ‘खात्री’ असे चौकोन काढा आणि बाणांनी जोडा. रुग्णाने वेळ रद्द केली तर बाण कुठे जाणार? दोन पानं लिहूनही सुटून गेला असता असा हा प्रश्न चित्रात लगेच दिसतो. मीटिंग संपण्याआधी कागद सगळ्यांसमोर धरा, म्हणजे ज्याला जे खटकेल ते तो तिथेच सांगेल.

चित्रकला यायला हवी का? अजिबात नाही. चौकोन, गोल, बाण आणि दोन-चार शब्द पुरेत. बेकच्या नकाशातही मुख्यतः रेषा आणि नावंच होती.