बागप्रेमी मंडळाचा रोप लिलाव: ऑनलाइन पैसे कसे घ्यावेत, हिशोब कसा जुळवावा?

जानेवारीतील पुष्पप्रदर्शनांचा हंगाम आणि जूनमधला पहिला पाऊस, या दोन्ही वेळा बागप्रेमी मंडळांना रोप लिलाव ठेवायला सोयीच्या असतात. सभासद आपल्याकडची जादा रोपे, गुटी कलमे, ॲडेनियम, बोन्साय, कमळाचे कंद आणून देतात. त्यावर बोली लागते आणि जमलेल्या पैशांतून शाळेच्या परसबागेला ठिबक बसवणे, उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या झाडांना टँकर पुरवणे अशी कामे होतात. रक्कम फार मोठी नसते. पण सातशे-आठशे रुपयांचा मेळ लागला नाही, की खजिनदार तेवढे खिशातून भरतो, आणि पुढच्या वर्षी खजिनदार व्हायला कोणी तयार होत नाही. बरीच मंडळे इथेच थंडावतात.

यूपीआय सुरू झाले एप्रिल २०१६ मध्ये. शेतकऱ्यांना परिचित असलेला ई-नाम बाजारही त्याच महिन्यातला. आता क्यूआर कोड चिकटवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्यामुळे पैसे घ्यायचे कसे, हा लिलावातला अवघड प्रश्न राहिलेला नाही. कोणते पैसे कोणत्या रोपाचे, हा आहे. दुकानात गिऱ्हाईक एकेक येते. लिलावात मात्र तासाभरात चाळीस रोपे जातात, सगळेजण शेवटी एकदम पैसे भरतात आणि खजिनदाराच्या मोबाईलवर पाचशे, पाचशे, साडेतीनशे, पाचशे अशी रांग लागते. त्यातले एक पाचशे बोली जिंकणाऱ्याच्या सुनेच्या खात्यातून आलेले असतात, दुसरे शेजाऱ्याच्या. नावावरून काही जुळत नाही.

खाते कोणाच्या नावावर?

मंडळाच्या. "या वर्षापुरते माझ्याच नंबरवर घेऊ" असे कोणी चांगल्या मनाने म्हटले तरी ते मान्य करू नये. सभासदांचा संशय हे त्यामागचे एक कारण, पण एकमेव नव्हे. खजिनदाराच्या खात्यात आलेली रक्कम आयकराच्या नजरेत आधी त्याचीच असते. ती मंडळाची आहे हे कागदपत्रांनी त्यालाच दाखवावे लागते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पैसे भरणाऱ्यांपैकी एखाद्याच्या खात्यात फसवणुकीचा पैसा आला असेल आणि त्याची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर गेली, तर तो पैसा पुढे जिथे जिथे गेला त्या खात्यांतली रक्कम, काही वेळा अख्खे खातेच, गोठवले जाऊ शकते. तुमचा दोष नसला तरी खाते सुटायला वेळ लागतो. त्याच खात्यात खजिनदाराचा पगार येत असेल, किंवा त्याचे पीक कर्ज आणि विम्याची रक्कम तिथे जमा होत असेल, तर एका जास्वंदीच्या कलमापायी पेरणीचा पैसा अडकतो. मंडळाचे वेगळे खाते असले तर अडकेल ते मंडळाचे, आणि पावत्या दाखवून ते सोडवता येते.

संस्था नोंदणीकृत असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन आणि कार्यकारिणीचा ठराव घेऊन खाते उघडता येते. नोंदणी नसलेल्या मंडळालाही ठराव आणि पॅनच्या आधारे खाते उघडण्याची तरतूद बँकांच्या केवायसी नियमांत आहे. एका शाखेने नकार दिला तर दुसरीकडे विचारावे. खाते दोन सह्यांचे असावे. अशा खात्यातून यूपीआयने पैसे बाहेर पाठवणे सहसा जमत नाही, पण क्यूआरवर पैसे घेण्यास अडचण येत नाही. म्हणजे पैसे पटकन आत येतात आणि बाहेर जाताना दोघांची सही लागते. मंडळासाठी ही गैरसोय नाही, सोयच आहे.

नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधी पाहावी. गणेश मंडळे वर्गणीसाठी जी परवानगी घेतात, तीच ही वाट.

लॉट क्रमांक आणि पैशांची शेपटी

बाजार समितीत बोली तुटली की सौदापट्टी हातात मिळते, वजन होते आणि शेवटी हिशोबपट्टी निघते. रोप लिलावातही हीच पद्धत लावावी. प्रत्येक रोपाला लॉट क्रमांक द्यावा. कुंडीत खोचलेल्या पट्टीवर क्रमांक, रोपाचे नाव आणि देणाऱ्या सभासदाचे नाव असावे. पट्टी पाण्याने पुसली जाणार नाही अशी घ्या. साधा पेन पहिल्या शिंपणीत जातो, शिसपेन्सिल टिकते. बोली तुटली की छोट्या चिठ्ठीवर लॉट क्रमांक, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव लिहून ती घेणाऱ्याला द्यावी आणि दुसरी प्रत ठेवून घ्यावी.

पैसे पाठवताना शेऱ्यात लॉट क्रमांक लिहायला सांगतात. सांगून पाहा, निम्मे लोक विसरतात. त्यापेक्षा लॉट क्रमांक रकमेतच घालावा. लॉट १७ साडेआठशेला गेला, तर मागायचे ₹८५०.१७. लॉट ४ पाचशेला गेला, तर ₹५००.०४. यूपीआयमध्ये पैसे टाकता येतात आणि ९९ लॉटपर्यंत ही युक्ती चालते. पैसे सुनेच्या खात्यातून येवोत वा शेजाऱ्याच्या, बँकेच्या उताऱ्यात शेपटी पाहून लॉट ओळखता येतो. एकाने तीन रोपे घेतली तर तीन वेगळे व्यवहार करायला लावावेत. थोडी कुरकुर होते, पण रात्रीचा तासभर वाचतो.

ज्या ॲपमध्ये रक्कम भरून क्यूआर तयार करता येतो, तिथे तसा क्यूआर प्रत्येक लॉटसाठी दाखवावा. मग समोरच्याला आकडा टाइप करावाच लागत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. क्यूआर थेट बँकेचा नसून एखाद्या पेमेंट कंपनीचा असेल, तर पैसे बहुधा दिवसाअखेर किंवा दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा जमा होतात. बँकेच्या पासबुकात एकच आकडा दिसतो. सुटे व्यवहार कंपनीच्या ॲपमधील अहवालात असतात, तो अहवाल त्याच रात्री उतरवून ठेवावा. पासबुकावर भिस्त ठेवलेल्या मंडळाची शेपटीची युक्ती इथे वाया जाते.

खर्चाचे म्हणाल तर, बँक खात्यातून यूपीआयने किंवा रुपे डेबिट कार्डने आलेल्या पैशांवर जानेवारी २०२० पासून विक्रेत्याला शुल्क नाही. वेबसाइटवरील पेमेंट गेटवेने इतर कार्डे घ्यायची असतील, तर साधारण दोन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी जातो. चाळीस रोपांच्या लिलावाला गेटवेची गरज नाही, असे आमचे मत आहे.

रोप हातात कधी द्यावे?

मंडळाच्या बाजूने पैसे आल्याची खात्री झाल्यावरच. समोरच्याच्या मोबाईलवरची हिरवी बरोबरची खूण ही खात्री नव्हे. तसे दिसणारे बनावट पडदे दाखवणारी ॲप असतात, आणि समोरचा प्रामाणिक असला तरी त्याचा व्यवहार अर्धवट अडकलेला असू शकतो. खात्री तीन ठिकाणी करता येते: मंडळाच्या ॲपमधील नोंद, बँकेचा संदेश किंवा साउंडबॉक्सचा आवाज. संदेश उशिरा येतात. साउंडबॉक्समध्ये स्वतःचे सिम असते, पण हॉलमध्ये त्या कंपनीची रेंज हवी. कार्यक्रमाच्या आधी एक दिवस जाऊन त्याच कोपऱ्यात एक रुपया पाठवून पाहावा. तळघरातील सभागृह असेल तर पैसे घेण्याचे टेबल सरळ दाराशी लावावे.

त्याच्या खात्यातून गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत, असे एखाद-दुसरे प्रकरण होतेच. वाद घालू नये. त्याच्याकडून १२ अंकी व्यवहार क्रमांक लिहून घ्यावा, रोप त्याच्या नावाने बाजूला ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यक्तीला पाठवलेली असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि विक्रेत्याला पाठवलेली असेल तर पाच दिवसांत आपोआप परत व्हायला हवी; उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. हे सांगितले की समोरचा शांत होतो. ओळखीचा सभासद असेल तर रोप द्यावे की नाही, हे टेबलावरच्या एकट्या माणसावर सोडू नये. आधीच ठरवून ठेवावे.

दोन सूचना टेबलावर बसणाऱ्यांना जरूर द्याव्यात. एक, पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. "पैसे पाठवलेत, पिन टाकून स्वीकारा" असे कोणी म्हटले की मोबाईल खाली ठेवावा. दुसरी, छापील क्यूआरवर कोणी आपला क्यूआर चिकटवून गेले नाही ना, हे अधूनमधून पाहावे. कोड वाचल्यावर मंडळाचेच नाव दिसते का, हे प्रत्येकाला मोठ्याने विचारणे हा त्यावरचा सोपा उपाय.

जुन्या वडा-पिंपळाच्या बोन्सायला कधी मोठी बोली लागते. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला एक लाख रुपये आहे, आणि नव्या मोबाईलवर ॲप सुरू केल्यावर पहिले चोवीस तास ती फारच कमी असते. मोठ्या लॉटसाठी खाते क्रमांक आणि आयएफएससी छापून ठेवावा. एनईएफटी आता रविवारीही चालते.

व्हॉट्सॲपवरचा लिलाव

गटात फोटो टाकून बोली घेणारी मंडळे वाढली आहेत. इथे पैसे आधी आणि रोप नंतर, त्यामुळे नियम लिलावाआधी गटात लिहूनच टाकावेत: किमान बोली, बोलीतील वाढ, बंद होण्याची वेळ, पैसे किती तासांत भरायचे आणि न भरल्यास रोप दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला जाणार. शेवटच्या मिनिटात बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी वाढवावी. नाहीतर टपून बसलेल्यालाच रोप मिळते आणि भाव पडतो.

कुरिअरने पाठवलेले रोप मेले तर पैसे कोणाचे? ॲडेनियम मुळे उघडी करून, कोरडे करून पाठवले तर आठवडाभर तग धरते. कमळाचा कंद ओल्या शेवाळात गुंडाळून जातो. पण मोगऱ्याचे पावसात भरलेले खोके चौथ्या दिवशी उघडले तर पाने काळी पडलेली मिळतात. म्हणून रोपानुसार ठरवावे. नाजूक रोपे फक्त हातोहात द्यावीत. बाकीच्यांसाठी खोके उघडतानाचा फोटो त्याच दिवशी आला तरच परतावा, आणि तो ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात. "माझ्या दुसऱ्या नंबरवर पाठवा" याला नकार द्यावा.

किंमत वेगळी, देणगी वेगळी

मोगऱ्याचे दीडशेचे रोप चांगल्या कामासाठी म्हणून कोणी हजाराला घेतो आणि मग ८०जी ची पावती मागतो. ती देऊ नये. रोप घेऊन दिलेले पैसे ही किंमत आहे, देणगी नव्हे. देणगी द्यायची असेल तर ती वेगळी घ्यावी, वेगळी पावती द्यावी. करसवलतीची पावती मात्र मंडळाला ८०जी ची मान्यता असेल तरच. २००० रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, हेही दात्याला आधी सांगावे.

जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे. प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि खतांवर कर आहे, पण वर्षाची एकूण उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या मंडळाला मालाच्या विक्रीसाठी सहसा नोंदणी लागत नाही.

परदेशातील नातेवाईक गटात असतील तर जपून. भारतीय नागरिकत्व असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय योगदान धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मावशीने अमेरिकेतून पाठवलेली देणगी मात्र धरली जाते, आणि २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेता येत नाही. त्यांना प्रेमाने नाही म्हणावे.

रोखीचे काय?

क्यूआर लावला म्हणून रोख बंद करू नये. मंडळातले सर्वांत जाणकार कलम बांधणारे बरेचदा सत्तरीचे असतात आणि त्यांच्याकडे साधा फोन असतो. त्यांच्यासाठी वेगळी पेटी, वेगळे पावतीपुस्तक ठेवावे आणि पैसे मोजताना दोघे असावेत. रोखीच्या पावतीवरही लॉट क्रमांक हवाच. कोणी रोख देऊन "तुम्हीच तुमच्या मोबाईलवरून भरा" असे सांगितले तर तसे करू नये, रोखीची पावती फाडावी.

त्याच संध्याकाळी यादी पुरी करावी: लॉट, रोप, देणारा, रक्कम, रोख की ऑनलाइन. घेणाऱ्यांची नावे वगळून ती गटात टाकावी. ज्याने आपले सोनचाफ्याचे कलम दिले, त्याला ते कितीला गेले हे रात्रीच कळायला हवे. न भरलेले लॉट तांबड्या शाईने दाखवावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत फोन करावेत. आठवडा गेला की रोप मंडळाच्या ओसरीवर सुकते.