मॅटवर ठेवलेले बूट

कुस्तीतलं मला फारसं कळत नाही. पण क्यूबाच्या मिहाईन लोपेझची पॅरिसमधली शेवटची लढत पाहिली आणि त्याच्यापेक्षा हरणाराच जास्त लक्षात राहिला.

लोपेझचा प्रकार ग्रीको-रोमन. कमरेखाली हातच लावायचा नाही. पट काढणं नाही, टांग मारणं नाही. सगळा जोर छाती, खांदे नि दंडांचा. (ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार बायकांना अजूनही नाही, बरं का!) २००४ साली अथेन्समध्ये त्याला पदक नव्हतं. मग बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो अशी चार सुवर्णं! आणि ६ ऑगस्ट २०२४ ला, वयाच्या ४१ व्या वर्षी, पाचवं. एकाच वैयक्तिक प्रकारात लागोपाठ पाच सुवर्णं त्याआधी कुणालाच जमली नव्हती.

समोर होता चिलीचा यास्मानी अकोस्टा. मूळचा क्यूबाचाच. लोपेझ असताना १३० किलो गटात त्याला जागा कुठून मिळणार? २०१५ मध्ये घरदार सोडून चिलीला गेला. आणि अंतिम फेरीत पुन्हा तोच समोर! ६-० ने हरला.

लोपेझने बूट काढून मॅटच्या मध्यावर ठेवले. कुस्तीला रामराम. अकोस्टाच्या गळ्यात रौप्य पडलं, चिलीचं कुस्तीतलं पहिलं ऑलिम्पिक पदक.