पावणेबारा किलोमीटरची मंगलाष्टकं

आमच्या कपाटात सात डिस्क होत्या. ताईचं लग्न तीन डिस्कमध्ये, मग माझी मुंज, भाचीचं बारसं, आजीची पंच्याहत्तरी आणि शाळेचं एक स्नेहसंमेलन. यातलं निवडक घेऊन दोन तासांची एकच डीव्हीडी करायची, म्हणजे दिवाळीला सगळे जमले की एका बैठकीत बघता येईल, इतकाच बेत होता. रात्री जेवणं उरकल्यावर घरच्या संगणकावर बसायचो. एका रात्री सहज कागदावर आकडेमोड सुरू केली आणि कामापेक्षा कागदच मोठा झाला.

डीव्हीडीचा व्यास १२ सेंटीमीटर. तिच्यावर एकच ओळ असते, मधल्या भोकापासून काठाकडे गोल गोल जाणारी. शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे डोक्याचा एक केस आडवा ठेवला तर त्याच्याखाली नव्वदेक वेढे झाकले जातात. असे वेढे साधारण ४६ हजार. उलगडून सरळ केली तर ही ओळ पावणेबारा किलोमीटरच्या थोडी वरच भरते.

मनात नीट उतरावं म्हणून सगळं दहा लाख पटींनी मोठं केलं. आता ओळ झाली पाऊण मीटर रुंदीची पाऊलवाट आणि तिच्यावरची सगळ्यात आखूड खूण ४० सेंटीमीटरची. डिस्क १२० किलोमीटर रुंद झाली. एक काठ मुंबईत ठेवला तर दुसरा हवाई अंतराने पुण्याच्या आसपास पोचतो. आणि त्या पाऊलवाटेची लांबी? सव्वा कोटी किलोमीटरच्या जवळ. चंद्राचं अंतर तीस वेळा भरेल इतकी.

एवढी जागा असूनही आपला दोन तासांचा सोहळा तिच्यात मावत नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका फ्रेममध्ये ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. सेकंदाला २५ फ्रेम, दोन तासांत १,८०,०००. रंग जरा काटकसरीने धरले तरी एका फ्रेमला सव्वासहा लाख बाइट लागतात आणि दोन तासांना सुमारे ११,२०० कोटी. डिस्कवर जागा ४७० कोटींची. म्हणजे २४ हिश्शांतले २३ टाकून द्यायचे आणि पाहणाऱ्याला कळूही द्यायचं नाही.

हे जमतं, कारण लग्नाच्या शूटिंगमध्ये बरंचसं तेच ते असतं. अक्षता उडतात, पण मागचा मखमली पडदा हलत नाही. एन्कोडर, म्हणजे चित्र आवळून लहान करणारा प्रोग्रॅम, दर फ्रेमचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. एका फ्रेममध्ये १,६२०. प्रत्येक चौकोन आधीच्या फ्रेममध्ये कुठे होता ते शोधतो आणि सापडला की फक्त ‘तोच, जरा डावीकडे’ एवढी नोंद ठेवतो. चहूबाजूंना १६ ठिपक्यांपर्यंत कसून शोधायचं तर जागा १,०८९, प्रत्येक जागी २५६ ठिपक्यांची तुलना. एका फ्रेमला ४५ कोटी तुलना झाल्या. दोन तासांना ८१ लाख कोटी. सेकंदाला ३०० कोटी ठोके देणाऱ्या प्रोसेसरने दर ठोक्याला एक तुलना केली तर साडेसात तास लागतील. हे ढोबळ गणित आहे. प्रत्यक्षात प्रोग्रॅम आडवाटांनी जातात आणि एका ठोक्यात अनेक तुलना उरकतात. तरी रात्री काम लावून झोपायचं आणि सकाळी चहा घेताना बघायचं, ही सवय कुठून आली ते या आकड्यांवरून कळतं.

कापाकापीतली अडचणही इथलीच. अख्खी, स्वयंपूर्ण फ्रेम साधारण अर्ध्या सेकंदाला एकदाच येते. मधल्या सगळ्या तिच्या आणि एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. नव्याने एन्कोड न करता तुकडा काढायचा तर कात्री त्या अख्ख्या फ्रेमपाशीच लागते. मला नेमका अंतरपाट खाली येतो तो क्षण हवा होता, आणि तो दोन अख्ख्या फ्रेमच्या मध्ये पडला. अर्धा सेकंद आधीपासून घेतलं. त्यामुळे काकांचा आडवा आलेला हात आता कायमचा त्यात आहे.

मी सगळ्यात जास्त थक्क झालो ते बर्न करण्याच्या वेळी. इतक्या कंजुषीने वाचवलेल्या बाइटची ४७० कोटींच्या डिस्कवर सुमारे ३,७६६ कोटी बिट होतात. पण डिस्कवर कोरलं जातं ते ८,८९२ कोटींच्या घरात. निम्म्याहून जास्त मजकूर चित्राचा नाहीच! काही भाग खुणा लेसरला वाचता येतील अशा बेताने मांडण्यात जातो आणि उरलेला चूक पकडण्यात. जमाखर्चाच्या वहीत आडवी आणि उभी बेरीज जुळवून चुकलेला आकडा हुडकतात, तसंच. १७२ बाइटच्या १९२ ओळी मांडायच्या, प्रत्येक ओळीला १० आणि प्रत्येक रकान्याला १६ बाइट जादा जोडायचे. एका थराच्या डिस्कवर असे १,४३,६५६ गठ्ठे बसतात. मानकाप्रमाणे लागोपाठच्या आठ गठ्ठ्यांत २८० ओळींपर्यंत चुका चालतात. पूर्ण डिस्कचा हिशेब केला तर ५० लाख ओळी चुकलेल्या असूनही डिस्क उत्तीर्ण, आणि पडद्यावर एक ठिपकाही हललेला नसतो.

भाचीच्या बारशाच्या डिस्कवर भाचीनेच ओढलेला एक चरा होता, मधून काठाकडे गेलेला. ड्राइव्ह कुरकुरला, मंदावला, पुन्हा पुन्हा फिरला आणि सगळं वाचून मोकळा झाला. चरा आडवा असला की प्रत्येक वेढ्यातला जरासाच भाग जातो; सलग सहा मिलिमीटरपर्यंत गेलेलं हिशेबाने भरून काढता येतं. तोच चरा वेढ्याच्या दिशेने गोल गेला असता तर पाळण्याचा प्रसंग गेलाच होता. म्हणून डिस्क पुसताना फडकं मधून काठाकडे न्यावं, गोल फिरवू नये. हे घरातल्या प्रत्येकाला मी आता सांगत असतो.

पंधरा मिनिटांत डीव्हीडी लिहून झाली. तेवढाच वेळ घालवून ती पुन्हा पूर्ण वाचून तपासली, आणि मग मार्करने तारीख घातली. जुन्या सात मात्र टाकल्या नाहीत. स्टुडिओने एका डिस्कवर एकच तास भरला होता, मी दोन तास बसवले. म्हणजे आधीच गाळलेलं मी निम्म्यावर आणलं. दोन थरांची, ८५० कोटी बाइटची डिस्क घेतली असती तर जवळजवळ सगळं जसंच्या तसं मावलं असतं, पण आमचा जुना प्लेअर ती वाचत नाही. आजीच्या नाकातली नथ मूळ डिस्कमध्ये जितकी लखलखते तितकी माझ्या डीव्हीडीत लखलखत नाही. सातही डिस्क कव्हरमध्ये घालून उभ्या ठेवल्यात, देवघराशेजारच्या कपाटात, जिथे ऊन येत नाही.