काळ्या पाषाणाची साक्ष

आमच्या स्वयंपाकघरांतील पाटा आणि परसांतील विहिरीचे चिरे एकाच काळ्या पाषाणाचे आहेत. "आजोबा, हा दगड किती जुना?" असें परवां नातवानें विचारलें. पस्तीस वर्षें अध्यापन करूनहि मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. मग ग्रंथ चाळून जें कळलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून तो वारंवार उसळला आणि थरावर थर बसत गेले. आपला सह्याद्रि त्याच थरांतून कोरला गेला.

त्याच सुमारास पृथ्वीवर जीवांचा महासंहार झाला. सुमारें तीन-चतुर्थांश जीवजाति लोपल्या. त्यांत अतिकाय डायनोसॉरहि होते. १९८० सालीं लुइस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इटलींतील गुब्बिओ गांवाजवळच्या मातीच्या एका पातळ थरांत इरिडियम हा दुर्मिळ धातु अपेक्षेहून कितीतरी अधिक असल्याचें दाखविलें, आणि तो प्रचंड उल्केबरोबर आला असावा असें अनुमान काढिलें. पुढें मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पांत सुमारें १८० किलोमीटर व्यासाचें आघातविवरहि ओळखण्यांत आलें. धूळ व काजळी यांनीं सूर्य झांकला. वनस्पति खुरटल्या, त्यांवर जगणारे प्राणी उपाशी मेले, आणि मागोमाग त्यांना खाणारेहि. या संहारांत आपल्या लाव्ह्यांतून निघालेल्या वायूंचा वांटा किती, यावर विद्वानांत अद्यापि वाद आहे.

मग तगले कोण? लहान सस्तन प्राणी, पक्ष्यांच्या कांहीं जाति, कासवें आणि बेडूक. "बळी तो कान पिळी" हाच सृष्टीचा नियम, असें मी वर्गांत सांगत असें. तें चुकीचें होतें. अशा प्रसंगीं बळ व्यर्थ ठरतें. थोडक्या अन्नावर भागविणारा, बिळांत वा पाण्यांत आसरा घेणारा तरतो. त्या क्षुद्र सस्तनांच्याच वंशांत आपण जन्मलों.

असे पांच महासंहार पृथ्वीच्या इतिहासांत मानितात. प्रत्येक वेळीं जीवसृष्टि पुन्हां बहरली, परंतु त्यास लक्षावधि वर्षें लागलीं.

आतां बलाढ्य आहों ते आपण. माझ्या बालपणीं गांवाबाहेर मेलेल्या जनावराभोंवतीं गिधाडांची पंगत बसे. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत भारतांतील त्यांच्या तीन जातींची संख्या शेंकडा ९५ हून अधिक घटली. कारण उल्का नव्हे, लाव्हा नव्हे. गुरांना दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध. मृत गुरांच्या मांसांतून तें गिधाडांच्या पोटीं जाई व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. उल्केला कोणी थांबवूं शकलें नसतें. औषध मात्र थांबवितां आलें.

नातवाला मी दगडाचें वय सांगितलें, गिधाडांची हकीकतहि सांगितली. "मग तीं परत येतील का?" हा त्याचा पुढला प्रश्न. त्याचें उत्तर मात्र माझ्या ग्रंथांत नव्हतें. तें आपल्या वागण्यावर अवलंबून आहे.