मूठभर गव्हाचं चिंगम

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. घरं, चुली, रांजण आणि जळून कोळसा झालेलं धान्यही सापडलं. त्यात जव होता, कडधान्यं होती आणि गहूही होता. म्हणजे घोड-भीमेच्या या मुलखात गव्हाचा मुक्काम तीन हजार वर्षांहून जुना आहे. आणि गहू जिथं असतो तिथं चिंगम फुकट मिळतं, हे इथल्या खेड्यांत वाढलेल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मळणीच्या दिवसांत मूठभर गहू तोंडात टाकायचे आणि गिळायचे नाहीत, नुसते चावत राहायचे. आधी टरफलं टोचतात, मग पिठूळ गोळा होतो, जरा वेळ तोंड गोडूस लागतं. कंटाळून थुंकायची वेळ येते आणि नेमका तेव्हाच दाताखाली काहीतरी ताणलं जातं. त्याला पुढं चव उरत नाही, पण तो गोळा तुटतही नाही आणि विरघळतही नाही.

या पोरखेळात जे घडतं ते थक्क करणारं आहे. लाळेतलं अमायलेज हे विकर गव्हातल्या स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतं. मधली गोडी तिथून येते. स्टार्च असा धुतला जात असताना ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं पाण्याच्या आणि दाबाच्या साथीनं एकमेकांत गुंततात. मागं उरतं ते ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या बेकारी नावाच्या शास्त्रज्ञानं अठराव्या शतकात गव्हाचं पीठ पाण्याखाली धूत राहून हेच वेगळं केलं होतं आणि वनस्पतीत प्राणिज वाटावा असा चिकट पदार्थ निघतो म्हणून तो चकित झाला होता. खळ्यावरची पोरं तोच प्रयोग तोंडात करतात.

बाजरीचं मात्र चिंगम होत नाही, ज्वारीचंही नाही. कितीही चावा, पीठच होणार. त्या धान्यांतली प्रथिनं अशी जाळं विणत नाहीत. म्हणून तर भाकरीच्या पिठाला गरम पाणी घालावं लागतं, जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडा फाटतात, आणि पोळी मात्र गार पाण्यातल्या कणकेचीही कागदासारखी लाटता येते. शिरूरच्या कोरडवाहू बाजूचं मूल आणि शेजारच्या दौंड तालुक्यातलं कालव्याखालचं मूल यांच्या तोंडातला हा फरक पावसानं आणि पाटबंधाऱ्यांनी ठरवलेला आहे.

बाजारातलं चिंगमही मुळात झाडाचंच. कच्च्या चिकूला नख लावलं की जो पांढरा चीक येतो तोच चीक आटवून मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली माया माणसं चघळत असत. चिकूचं मूळ घर तिकडंच. मेक्सिकोचा पदच्युत सेनापती सांता आना १८६० च्या दशकात न्यूयॉर्कजवळ राहत असताना त्याच्याकडून हा चीक थॉमस ॲडम्स याच्या हाती आला. त्यापासून रबर करण्याची ॲडम्सची खटपट फसली आणि त्यानं तो चघळायला म्हणून विकायला काढला. १८७१ मध्ये त्याच्या यंत्राला पेटंट मिळालं. पुढं मागणी इतकी वाढली की जंगलात पावसाळाभर चिकूच्या खोडांवर कोयत्यानं नागमोडी चरे पाडत हिंडणं हा एक धंदाच झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याची जागा कारखान्यात बनणाऱ्या बहुलकांनी घेतली. आपल्याकडं डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, आणि बागायती भागात परसात चिकू असणारी घरं पुष्कळ. पण आपण त्याचं फळ खाल्लं, चीक पुसून टाकला. एकाच झाडाकडं दोन देशांनी किती वेगळ्या नजरेनं पाहावं!

गहू असो, चिकूचा चीक असो की आजचं बहुलक, चघळायच्या गोळ्याला स्वतःची चव नसतेच. चव वरून घालायची असते. आणि काय घालायचं हे ज्या त्या देशाची स्वयंपाकघरं आणि औषधाची कपाटं ठरवतात.

आपल्या टपरीवर पुदिना, स्ट्रॉबेरी, मिश्र फळं आणि पान मिळतं. अमेरिकेत दालचिनीचं चिंगम वर्षानुवर्षं खपतं, कारण तिकडं दालचिनी म्हणजे ॲपल पाय आणि गोड पाव. आपल्याला दालचिनी भेटते ती गोड्या मसाल्यात आणि पुलावात. आपल्या गोडाधोडात वेलची-जायफळाचा मान. त्यामुळं ते चिंगम पहिल्यांदा चावणाऱ्या मराठी माणसाला भाताची आठवण येणं साहजिक आहे. ग्रीसच्या खिऑस बेटावर झाडाचा सुगंधी डिंक आजही चघळतात. तोच डिंक आपल्याकडं काष्ठौषधींच्या दुकानात रूमी मस्तकी म्हणून पुडीत मिळतो. सिंगापूरनं तर १९९२ मध्ये चिंगमच्या विक्रीवर बंदी घातली. २००४ पासून फक्त औषधी प्रकारांना सूट आहे.

पण सगळ्यांत मोठं नवल विंटरग्रीनचं. अमेरिकेत ही मुलांच्या खाऊची लाडकी चव. तिचा गाभा मिथाइल सॅलिसिलेट नावाचं रसायन आहे. आपण त्याला गंधपुऱ्याचं तेल म्हणून ओळखतो, आणि ते कुठं असतं? कंबरदुखीच्या मलमात. नातवंडांकडं न्यू जर्सीला गेलेल्या आजीच्या नाकाला जो वास गुडघ्याला चोळायच्या बामचा, तो नातीच्या नाकाला खाऊचा. दोघींच्या नाकात शिरणारे रेणू अगदी सारखे. ब्रिटनमध्ये १९६६ च्या एका पाहणीत हा वास सर्वांत नावडत्या वासांत होता. अमेरिकेत १९७८ च्या पाहणीत तोच सर्वांत आवडत्या वासांत. ब्रिटनमध्येही तो वेदनाशामक मलमांचा वास होता. म्हणून मला वाटतं, वासाची आवड जन्मासोबत फार थोडी येते. तो पहिल्यांदा कुणाच्या हातून आणि कशाबरोबर भेटला, यावर ती पोसते.

तर दुसरीकडं रेणूच बदलतो, तोही किती सूक्ष्म! रिग्ली कंपनीनं १८९३ मध्ये आणलेलं स्पिअरमिंट हे जगभर पसरलेल्या चिंगमांपैकी एक. त्याचा वास कार्व्होन या रेणूचा. बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात त्या बाळंतशेपेतही, म्हणजे शेपूच्या बियांतही, कार्व्होनच असतं. तितकेच अणू, तशाच जोडण्या. फक्त एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही, तसे नाकातले ग्राहक या दोघांना वेगळे ओळखतात. एकाला आपण पुदिन्याच्या कुळातला म्हणतो, दुसऱ्याला शेपूचा. वासातला फरक अशुद्धीमुळं नसून खरोखर या उलटसुलट घडणीमुळं आहे, हे १९७१ मध्ये पक्कं झालं. अमेरिकेतल्या शाळकरी मुलाचं चिंगम आणि दौंडच्या बाळंतिणीची शेप ही आरशाच्या दोन बाजूंना आहेत, हे कळल्यापासून बडीशेपेच्या डब्याशेजारची बाळंतशेपेची पुडी मला साधी वाटत नाही.

आता साखरेबद्दल, कारण दौंडसारख्या उसाच्या मुलखाचं नाव घेऊन ऊस टाळता येत नाही. चिंगम काही मिनिटांत फिकं पडतं तेव्हा पुदिना संपला असं वाटतं. तो संपलेला नसतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चघळणाऱ्यांच्या नाकातला पुदिन्याचा अंश मोजला गेला. तो बराच वेळ टिकून होता, पण चव गेली असं माणसं सांगत होती, आणि ती ‘जात’ होती नेमकी साखर विरघळून उतरत होती तेव्हा. वास नाकात हजर असतो. जिभेवर गोडी नसेल तर मेंदू त्याला चव म्हणून मोजत नाही.

हे घरी पडताळता येतं. पुदिन्याचं चिंगम पार फिकं होईपर्यंत चघळा. मग केडगावच्या गुऱ्हाळातला गूळ असेल तर त्याचा वाटाण्याएवढा खडा, नाहीतर चिमूटभर साखर तोंडात टाका आणि पुन्हा चावा. गोडी येताच तिच्या मागोमाग पुदिनाही परत येईल, जरी तुम्ही पुदिना घातलेला नाही.